बॉनेटखालची आग : जुन्या मोटारीत स्वयंचलित अग्निशमन बसवताना

पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही, अगदी उणे ४० अंश सेल्सिअसलाही, पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, इंजिनाखालच्या पत्र्यावर आणि क्रॉसमेंबरच्या खाचांत साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. आता आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडून बघा. जुन्या १४८९ सीसी इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर नेमका तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला आहे. कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल पडणार कुठे, हे वेगळं सांगायला नको. बीटलमध्ये इंजिन मागे असल्यामुळे चालकाला आग दिसते ती आरशात, तीही मागच्या गाडीवाल्याने हातवारे केल्यावर. शिवाय तिचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो एकदा पेटला की त्यावर पाणी मारणं म्हणजे आग आणखी भडकवणं.

आग लागल्याबरोबर, चालकाने काही करण्याआधीच आपोआप सुटणारी यंत्रणा अशा गाड्यांसाठी फार मोलाची आहे. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतले जुन्या गाड्यांचे मालक तिच्याबद्दल विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ती विकत घेण्याआधी तिची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. मोटारीत मावणारी बाटली काही सेकंदांत रिकामी होते. तेवढ्यात ज्वाळा बसते. त्यानंतरही पेट्रोल गळत राहिलं, मॅनिफोल्ड तापलेलाच असला आणि वायरीत करंट वाहत असला, तर आग पुन्हा धरते आणि त्या वेळी बाटलीत काहीच उरलेलं नसतं. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे : आधी पेट्रोलची वाट पक्की करा, मग करंट तोडण्याची सोय करा, आणि मगच आग विझवणारी नळी बसवा. पहिल्या दोन गोष्टी झाल्या नसतील तर तिसरीवर केलेला खर्च अर्धा वाया गेला असं समजा.

पेट्रोलपासून सुरुवात करू. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच असतं. पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, पेट्रोल पंपातला डायफ्रॅम, फ्लोट चेंबरचं पॅकिंग, यातलं काहीच इथेनॉलचा विचार करून घडवलेलं नव्हतं. असं रबर आधी फुगून मऊ पडतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहून सुकली की त्याला भेगा जातात. पाइपवर कापडी वीण असेल तर भेग वरून दिसतही नाही. पाइप बोटात धरून वाकवला की मग वास येतो. नवा पाइप घेताना त्यावरचा छाप वाचा. ‘जे३० आर९’ लिहिलेल्या पाइपचं आतलं अस्तर फ्लुओरोइलॅस्टोमरचं असतं आणि ते इथेनॉलला टिकतं. नुसतं ‘फ्यूएल होज’ लिहिलेला, मीटरवर कापून मिळणारा पाइप कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेतही ढिगाने मिळतो. तो स्वस्त असला तरी घेऊ नका. क्लिपही गुळगुळीत पट्टीची घ्या. खाचा असलेली साधी होज क्लिप बारीक पाइपचं रबर कापत जाते.

काचेचा किंवा प्लास्टिकचा फिल्टर इंजिनावर लटकवायची जुनी पद्धत आहे, कारण तिथे तो डोळ्यांसमोर राहतो. तो तिथून काढा आणि टाकीजवळ किंवा मडगार्डच्या आतल्या थंड बाजूला न्या. बीटलवाल्यांनी दोन जागा जरूर तपासाव्यात. पेट्रोलचा पाइप पत्र्यातून इंजिनाकडे येतो तिथलं रबरी ग्रोमेट जागेवर आहे का, हे पाहा. ते नसेल तर पत्र्याची धार पाइप घासत राहते. दुसरी जागा कार्बोरेटरच्या झाकणात ठोकून बसवलेली पितळी नळी. कालांतराने ती सैल होते आणि चालत्या गाडीत निसटू शकते.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी दोन संकटं असतात. फ्लोटची निडल पेट्रोलच्या चिकट गाळाने अडकते आणि पहिल्याच स्टार्टला कार्बोरेटर वाहू लागतो. दुसरं संकट उंदरांचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिलेल्या गाडीचा पाइप किंवा वायर कुरतडलेली नसेल, असं कधीही धरून चालू नका. चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून वास घ्या, पाइपवरून बोट फिरवा, खाली फरशीवर ओल आहे का पाहा.

इथेच एक विनंती. गाडी चालू होत नसली की आपले मेकॅनिक एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओततात आणि ‘मारा स्टार्ट’ म्हणतात. इंजिनाने उलटा फटका दिला तर ज्वाळा त्या उघड्या तोंडातूनच बाहेर येते आणि समोर माणूस पेट्रोलची बाटली घेऊन उभा असतो. अशा वेळी महागडी स्वयंचलित यंत्रणाही कामाची नाही, कारण बॉनेट उघडं असल्यामुळे उष्णता वर निघून जाते, नळी उशिरा फुटते आणि सुटलेला वायू वाऱ्यावर पांगतो. आपल्या गाडीवर हा प्रकार करू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना आणि जाणता असला तरी.

विजेचं थोडक्यात सांगतो. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात आणि बॅटरीतून निघणाऱ्या मुख्य वायरीला बहुधा फ्यूजच नसतो. विलीज किंवा जुन्या महिंद्र जीपमध्ये तर चार्जिंगचा सगळा करंट डॅशवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरून येतो. स्टार्टरची जाड केबल सोडून उरलेल्या मुख्य वायरीवर बॅटरीजवळच ६० ते ८० अँपिअरचा एक फ्यूज बसवा आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. हा स्विच हात पटकन पोचेल अशा जागी असावा. बॉनेटखाली असलेला कट-ऑफ आगीच्या वेळी निरुपयोगी. पेट्रोलचा पंप मूळचा यांत्रिक असेल तर इंजिन थांबलं की तो थांबतो. इलेक्ट्रिक पंप नंतर बसवून घेतला असेल तर इंजिन बंद पडल्यावरही तो पेट्रोल ढकलत राहतो. त्याला इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालणारा किंवा धक्का बसल्यावर तुटणारा स्विच हवाच.

आता मुख्य यंत्रणेकडे. बाजारात जे विकलं जातं त्यात सगळ्यात धोक्याची वस्तू दिसायला सगळ्यात सोपी आहे : छताला टांगायचा पावडरचा गोळा, ज्याच्या तोंडाशी काचेचा बल्ब असतो. विजेच्या मीटररूममध्ये तो चांगला चालतो. त्याच्या बल्बमधल्या द्रवाच्या रंगावरून तो किती तापमानाला फुटेल हे कळतं : नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. आपल्याकडे सर्रास मिळतो तो लाल. मे महिन्यात खंबाटकी घाट चढून आल्यावर गाडी चहाला थांबवली की पट्ट्यावरचा पंखाही इंजिनाबरोबर थांबतो आणि इंजिनात साठलेली उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान चढवत राहते. चालत्या गाडीपेक्षा नुकत्याच थांबलेल्या गाडीचं बॉनेट आतून जास्त तापतं. लाल बल्ब तिथे आग नसतानाही फुटू शकतो आणि सगळी पावडर कार्बोरेटरवर येते.

जुन्या मोटारीसाठी योग्य म्हणजे उष्णतेने फुटणाऱ्या नळीची यंत्रणा. पॉलिमरची बारीक, लवचिक नळी दाबाखालच्या वायूने भरून इंजिनावरून फिरवलेली असते आणि तिचं टोक बाटलीच्या व्हॉल्व्हला जोडलेलं असतं. ज्वाळेने नळी जिथे सगळ्यात जास्त तापते तिथे ती मऊ होऊन फुटते. तिला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही, बॅटरी उतरलेली असली तरी ती जागी असते. तिचे दोन प्रकार आहेत. डायरेक्ट प्रकारात फुटलेल्या भोकातूनच बाटलीतला वायू आगीवर सुटतो. इनडायरेक्ट प्रकारात नळी फक्त आग ओळखण्याचं काम करते; तिचा दाब पडला की व्हॉल्व्ह उघडतो आणि वेगळ्या पाइपांतून, कायम बसवलेल्या नॉझलमधून मारा होतो. वायू नळीतच भरलेला असतो, वेगळी बाटली नसते, असा एक छोटा प्रकारही मिळतो.

माझं मत असं : बीटलचा कप्पा लहान आणि बऱ्यापैकी बंदिस्त आहे, तिथे डायरेक्ट प्रकार भागतो. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप यांचे कप्पे खालून आणि समोरून उघडे असतात, पंख्याचा वारा असतो. तिथे एका बारीक भोकातून येणारा वायू पुरा पडत नाही. या गाड्यांना दोन नॉझलची इनडायरेक्ट यंत्रणा घ्या, एक नॉझल कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या बाजूला रोखलेलं, दुसरं पेट्रोल पंपाच्या बाजूला. या प्रकाराला हाताने ओढायची केबलही जोडता येते. तीही घ्याच.

नळी किती अंशांना फुटते हे विक्रेत्याला विचारा. गाड्यांसाठीच्या नळ्या बहुतेक ११० ते १२० अंशांच्या असतात. पण आपल्या गाडीचं तापमान आपण मोजलेलं बरं. थर्मोकपल लावता येणारा साधा मल्टिमीटर घ्या. नळी जिथून जाणार तिथे थर्मोकपलचं टोक बांधा, भर उन्हात घाट चढा, गाडी बंद करा आणि पंधरा मिनिटं आकडा पाहत राहा. जो सर्वांत मोठा आकडा दिसेल त्याच्या वर निदान ३० अंशांचं अंतर राहिलं पाहिजे. तेवढं राहत नसेल तर नळीची वाट बदला किंवा मॅनिफोल्डवर उष्णतारोधक पत्रा लावा.

बाटलीत काय भरायचं यावर सगळ्यात जास्त वाद होतात. एबीसी पावडर स्वस्त आहे आणि ज्वाळा झटकन मारते. पण तिच्यातलं मोनोअमोनियम फॉस्फेट ओलावा धरलं की अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि क्रोम खातं. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. एफके-५-१-१२ हा द्रव ४९ अंशांना उकळतो, नॉझलमधून सुटताच वायू होतो आणि मागे काही ठेवत नाही. जपून जुळवलेल्या इंजिनासाठी मला हाच सगळ्यात योग्य वाटतो. बरेच जण तो ‘नोव्हेक’ या नावाने मागतात. ते थ्रीएम कंपनीचं ब्रँडनाव होतं आणि २०२५ अखेर या प्रकारच्या रसायनांचं उत्पादन थांबवण्याची घोषणा कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये केली होती. इतर उत्पादक तोच पदार्थ बनवतात, म्हणून रासायनिक नावाने विचारा. एचएफसी-२२७ईए, म्हणजे बाजारात एफएम-२०० म्हणून ओळखला जाणारा वायू, हाही चालतो. वातावरण तापवण्यात मात्र त्याचा वाटा मोठा आहे. पाण्यावर आधारित फोम ज्वाळा विझवतो आणि धातू थंडही करतो, जे कोणताही वायू करत नाही, म्हणून रॅलीच्या गाड्यांत तो आवडता आहे. पण एफआयएच्या ८८६५-२०१५ मानकाच्या रॅली यंत्रणा चालकाने बटण दाबून किंवा केबल ओढून चालवायच्या असतात. त्या आपोआप सुटतील असं समजून घेऊ नका. आयात केलेल्या एखाद्या गाडीत जुनी हॅलॉनची बाटली सापडली तर तिच्यावर विसंबू नका. ओझोन थराच्या रक्षणासाठी हॅलॉनचं उत्पादन जगभर बंद झालं आहे. ती हवेत सोडून रिकामी करू नका, अग्निशमन यंत्रणांचं काम करणाऱ्या जाणकाराच्या हवाली करा.

किती भरायचं? कप्प्याची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. एक मीटर बाय एक मीटर बाय ६० सेंटिमीटर म्हणजे ०.६ घनमीटर. एफके-५-१-१२ चा हिशोब बंदिस्त खोलीसाठी दर घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे इथे अर्ध्या किलोच्या थोडं वर. पण मोटारीचा कप्पा बंदिस्त नसतो, म्हणून मी किमान दुप्पट धरतो. अर्ध्या किलोची बाटली ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशोब विचारा. आणखी एक प्रश्न विचारा : यंत्रणेची कुठे चाचणी झाली आहे का? आपल्याकडे बसच्या इंजिन कप्प्यातील अग्निशमनासाठी एआयएस-१३५ हे मानक आहे, युरोपात युनोचा नियम क्रमांक १०७ आहे. खासगी जुन्या गाडीला त्यांची सक्ती नाही, पण अशा चाचणीतून गेलेल्या कंपनीची नळी आणि व्हॉल्व्ह घेतलेले केव्हाही बरे.

बसवताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उष्णता वर जाते म्हणून नळी बॉनेटच्या मधोमध, उंचावर बांधली जाते. पण चालत्या गाडीत पंखा आणि समोरचा वारा ज्वाळेला मागे, फायरवॉलकडे ढकलतो. म्हणून नळीचा एक फेरा फायरवॉलच्या वरच्या कडेने जायलाच हवा. दुसरा कार्बोरेटरच्या वरून, तिसरा पेट्रोल पंपाजवळून आणि बॅटरी व फ्यूजबॉक्सच्या बाजूने. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निदान वीतभर अंतर ठेवा. वळणं मोठी घ्या, नळी मुडपली तर तिथेच ती कमजोर होते. दर फूटभरावर क्लिप लावा. नळी हलती राहिली तर घासून झिजेल आणि एक दिवस विनाकारण फुटेल. नळीवर रंग मारू नका.

बाटली इंजिनाच्या कप्प्यात ठेवू नका. ती केबिनमध्ये, पुढच्या सीटखाली किंवा डॅशखाली पॅसेंजरच्या पायांपलीकडे घट्ट पट्ट्याने बांधा. आत बुडती नळी असलेली बाटली निर्मात्याने सांगितलेल्या दिशेने, बहुधा उभीच, बसवावी लागते. आडवी केली तर निम्मा माल आतच राहतो. उन्हात उभ्या गाडीची मागची काच आणि डिकी फार तापते, ती जागा टाळा. दाबाचा काटा गाडीत बसल्या-बसल्या दिसला पाहिजे.

पन्नास वर्षांवरील गाडी २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेत नोंदवायची असेल तर चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणं महत्त्वाचं ठरतं. त्यामुळे एकही नवं भोक न पाडता काम करा. फायरवॉलमध्ये हीटरच्या, केबलच्या जुन्या वाटा असतात, त्यांतून ग्रोमेट घालून नळी न्या. काळी नळी वायरिंगच्या जुडग्यामागून नेली की प्रदर्शनातल्या परीक्षकालाही खटकत नाही.

इनडायरेक्ट यंत्रणेच्या व्हॉल्व्हवर प्रेशर स्विच मिळतो. तो घ्या आणि त्याला दोन कामं लावा : डॅशवर भोंगा वाजवणं, आणि रिलेमधून इग्निशन व इलेक्ट्रिक पंप तोडणं. इंजिन थांबलं की पंखा थांबतो आणि वायू कप्प्यात थोडा जास्त वेळ टिकतो, पेट्रोलही थांबतं. या एका रिलेमुळे यंत्रणेची ताकद बरीच वाढते. गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर इंजिन बंद पडल्यावर पेडल जड होतं, हे मात्र चालकाला आधीच माहीत हवं.

भोंगा वाजला तर काय करायचं, हे घरात जे-जे गाडी चालवतात त्यांना तोंडपाठ असू द्या. गाडी कडेला घ्या. चावी बंद करा, पण थांबेपर्यंत ती काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. कट-ऑफ फिरवा, सगळ्यांना बाहेर काढून दूर उभं करा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. एफके किंवा एफएम-२०० ज्वाळेत विघटित झाला की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, म्हणून धुराजवळ थांबू नका. आणि बॉनेट उघडू नका. उघडलं की ताजी हवा आत जाते, वायू बाहेर पडतो आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर उरलेलं पेट्रोल पुन्हा पेटतं. धूर थांबला नाही तर बॉनेट लॉकच्या पहिल्या टप्प्यापुरतं सैल करून त्या फटीतून हातातल्या अग्निशामक सिलिंडरचा मारा करा. ज्वाळा बाहेर आल्या असतील तर तेही करू नका, गाडी सोडा.

पावडर सुटली असेल तर इंजिन चालू करून बघू नका, ती आत ओढली गेली तर सिलिंडर घासतील. कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने पावडर काढा, मग ओल्या फडक्याने पुसून लगेच सुकवा. हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी झालं पाहिजे.

देखभाल थोडीच आहे. महिन्यातून एकदा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. वर्षातून एकदा बाटली काढून वजन करा; वायूच्या बाटलीचं वजन पाच टक्क्यांहून अधिक घटलं असेल तर गळती आहे. पावडरची बाटली त्याच वेळी उलटीसुलटी हलवा, गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी दाबून बसते. नळी बदलण्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. आणि नळी चालते का हे लायटर लावून तपासू नका, ती एकदाच फुटते.

स्वयंचलित यंत्रणा बसवायला आपल्याला वेळ लागणार असेल तर लागू द्या, योग्य बाटली आणि योग्य माणूस मिळेपर्यंत थांबलेलं बरं. पण थंडीतल्या रॅलींसाठी गाडी बाहेर काढण्याआधी तीन कामं याच आठवड्यात करून टाका : पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, बॅटरीला कट-ऑफ लावा, आणि आयएस १५६८३ चा आयएसआय शिक्का असलेला दोन किलोचा एक सिलिंडर चालकाच्या हाताशी पक्का बांधा. तो डिकीत ठेवू नका.